जपायचं आहे? आमच्याकडे द्या

तुमच्या शाळेच्या ओळखपत्रावर जे गुळगुळीत, कडक प्लास्टिक असते ना मित्रांनो, ते चढवणाऱ्या मशीनांपैकी मी एक. लॅमिनेशनचे मशीन. आता जुने झाले आहे. अंगावरचा पांढरा रंग पिवळट पडला आहे, एका बाजूचे झाकण चिकटपट्टीच्या आधाराने उभे आहे आणि तापायला मला पूर्वीच्या दुप्पट वेळ लागतो. तरी अजून चालते. आजवर मी हजारो कागद जपले. आज मात्र मी तुम्हाला अशा एका कागदाची हकिकत सांगणार आहे, जो माझ्याकडून जपला गेला नाही. ती सांगताना मला बरे वाटत नाही. तरी सांगते, कारण त्या हकिकतीतली तीन मुले तुमच्याच वयाची होती.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. माझ्या पोटात रबरी रूळ बसवले, त्यांच्यामागे तापणारी पट्टी बसवली आणि तोंडाशी दोन दिवे लावले. लाल म्हणजे थांबा, हिरवा म्हणजे तयार. तपासणीच्या टेबलावर एका बाईंनी माझ्यातून एक कोरा कागद काढला, उजेडासमोर धरला आणि "एकही बुडबुडा नाही" असे म्हणून माझ्या पाठीवर शिक्का मारला. माझे पहिले कौतुक ते.

तिथून मी एका तरुण माणसाच्या दुकानात आले. दुकान कसले, दोन गिऱ्हाइके आत उभी राहिली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचे. समोर सरकारी कचेरी होती, त्यामुळे दिवसभर रीघ असे. कोणी जन्माचा दाखला आणे, कोणी बसचा पास, कोणी मुलाचे पहिले प्रमाणपत्र. दुकानदार प्रत्येक कागद आधी अंगठ्याने चाचपून पाही, कोपऱ्यावर नख फिरवी, मगच माझ्याकडे देई. एखादा कागद तो सरळ परत करी. "हा नाही होणार. हवं तर झेरॉक्स काढून देतो, तिच्यावर प्लास्टिक चढवू," असे म्हणे. गिऱ्हाईक कुरकुरे. दुकानदार हसून सोडून देई. आमचे बरे चालले होते.

मग हळूहळू लोकांचे कागद त्यांच्या फोनमध्ये जाऊन बसले. कचेरीही दुसऱ्या इमारतीत गेली. आधी दुकानातली रीघ गेली, मग दुकान गेले. दुकानदाराने मला जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवले. तिथे मी तीन वर्षे काढली. वर पंखा फिरे आणि त्याची धूळ माझ्यावर बसे. घरातले कोणी म्हणे, "ते धूड देऊन टाक कोणाला तरी." दुकानदार काही बोलत नसे, पण देतही नसे.

एके दिवशी त्याने मला खाली काढले, ओल्या फडक्याने पुसले, तारेचे टोक नवे बसवले आणि एका माध्यमिक शाळेत आणले. शाळा सुटल्यावर, आठवड्यातून दोन दिवस, नववीच्या मुलांना उद्योग कसा करायचा ते शिकवण्याचे काम त्याला मिळाले होते. मंगळवार आणि गुरुवार, भूगोलाच्या जुन्या खोलीत. मुख्याध्यापिका त्याला म्हणाल्या होत्या, "एक वर्ष करून बघा. वर्षाच्या शेवटी प्रदर्शन भरवा. त्यात काय दिसतं ते पाहू, मग पुढचं ठरवू." शाळेतले कायमचे शिक्षक त्याच्याकडे पाहुण्यासारखे बघत. मुलांनी मात्र पहिल्याच आठवड्यात त्याचे बारसे केले. त्याला सगळे 'दुकानदार सर' म्हणू लागले, आणि सरांनाही ते आवडले.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर काही लिहिले नाही. टेबलाच्या कडेवर बसले आणि विचारले, "धंदा म्हणजे काय?"

"विकणं, सर."

"विकायच्या आधी काय?"

"बनवणं."

"आणि त्याच्याही आधी?"

मागून कोणीतरी म्हणाले, "त्याच्याही आधी घरच्यांची परवानगी." सगळे हसले. सरही हसले.

"तीही घ्या. पण त्याच्याही आधी, समोरच्या माणसाला काय हवं आहे ते नीट ऐकणं."

बारा मुले होती. त्यांच्या टोळ्या पडल्या. एका टोळीने रोपे तयार करायचे ठरवले, दुसरीने जुन्या कापडाच्या पेन्सिलपिशव्या. तिसऱ्या टोळीत तिघेच होते आणि त्यांनी मला निवडले. त्या तिघांनी मला खिडकीपाशी उचलून नेले तेव्हा तीन वर्षांनी मला ऊन लागले.

त्या तिघांची ओळख करून देते. एक होती कॅप्टन. कशाची, असे विचारू नका. चार मुले कुठेही जमली की ती त्यांची कॅप्टन होई. हुशार मुलगी, पण तुमचा प्रश्न अर्धा झाला की तिचे उत्तर पूर्ण झालेले असे. दुसरीला सगळे पट्टी म्हणत, कारण तिच्या खिशात नेहमी एक छोटी पट्टी असे आणि ती प्रत्येक गोष्ट मोजून पाही. ती कमी बोले. कोपरे कापावेत तर तिनेच. तिसरा जाहिरात. त्याला झोपेतून उठवले तरी तो एखादी घोषणा ऐकवील, असे सर म्हणत. त्यानेच पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, "जपायचं आहे? आमच्याकडे द्या." तो पुठ्ठा माझ्या डोक्यावर लटकला.

लोक देऊ लागले. रखवालदारकाकांनी पाळ्यांचे वेळापत्रक आणले. प्रयोगशाळेवरच्या बाईंनी बाटल्यांच्या चिठ्ठ्या आणल्या. शेजारच्या प्राथमिक शाळेतला पहिलीचा एक छोटा स्वतः काढलेले कुत्र्याचे चित्र घेऊन आला. जाहिरात म्हणाला, "याला पाच पाय आहेत रे." छोटा म्हणाला, "पाचवी शेपूट आहे." पट्टीने ते चित्र इतके जपून कापले की शेपटीचे टोकही गेले नाही. मित्रांनो, ते दिवस चांगले होते. तापलेल्या प्लास्टिकचा वास, मुलांची बडबड, आणि प्रत्येक काम झाले की भिंतीवरच्या तक्त्यावर चिकटणारा एक लाल तारा. प्रदर्शनापर्यंत चाळीस तारे करायचे, असे कॅप्टनने ठरवले होते.

सर सुरुवातीला जवळ उभे राहून बघत. मग बाकीच्या टोळ्यांची रोपे वाळू लागली, पिशव्यांचे बंद सुटू लागले, आणि सर तिकडे गुंतले. आमच्याकडे बघून म्हणत, "तुम्हाला येतं सगळं. चालू द्या." मुलांना ते ऐकून अभिमान वाटे. मलाही वाटे.

तक्त्यावर अडतीस तारे झाले होते त्या गुरुवारची गोष्ट. सरांना मुख्याध्यापिकांनी प्रदर्शनाबद्दल बोलायला बोलावले होते. बाकीच्या टोळ्या मैदानात होत्या. खोलीत आम्ही चौघेच, आणि दारात ग्रंथपालबाई येऊन उभ्या राहिल्या.

या बाई फार बोलत नसत. पुस्तक उशिरा आणले तर रागवत नसत, नुसते चष्म्यावरून बघत. मुलांना तेवढे पुरे. त्यांच्या हातात एक पांढरे पाकीट होते. त्या टेबलापाशी आल्या, पाकीट ठेवले, पुन्हा उचलले.

"हे फार पुसट व्हायला लागलं आहे," त्या म्हणाल्या. "दरवर्षी थोडं थोडं. म्हटलं, तुमच्याकडे द्यावं."

"द्या ना बाई," कॅप्टन म्हणाली. "एकदा प्लास्टिक चढलं की शंभर वर्षं बघायला नको."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. माझा हिरवा दिवा लागलेला होता. त्यांनी माझ्या पाठीवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"हे चांगलंच तापतं की. याला काही होणार नाही ना?"

"काही नाही होत बाई. आम्ही अडतीस केले."

"नक्की ना? हे एकच आहे माझ्याकडे."

"नक्की."

बाईंनी पाकीट कॅप्टनच्या हातात दिले. ग्रंथालय उघडे ठेवून आल्या होत्या, म्हणून लगेच परत गेल्या. दारातून एकदा वळून पाहिले.

कॅप्टनने पाकिटातून कागद काढला. तळहाताएवढा, पातळ, एका बाजूने चकचकीत. त्यावर राखाडी रंगात काहीतरी धूसर होते, धुक्यात दिवा दिसावा तसे. जाहिरात डोकावून म्हणाला, "ढगांचा फोटो आहे का?" कॅप्टनचे लक्ष नव्हते, एकोणचाळिसावा तारा तिने आधीच हातात घेतला होता. पट्टीने कागद प्लास्टिकच्या घडीत मधोमध बसवला, चारी बाजूंनी मोजला आणि माझ्या तोंडाशी धरला.

मित्रांनो, कागदाचा स्वभाव मला स्पर्शाने कळतो. साधा कागद ऊब घेतो आणि शांत राहतो. जाड पुठ्ठा थोडा कुरकुरतो. हा कागद मात्र ऊब पीत सुटला, आणि जिथे जिथे ऊब पोचली तिथे तिथे काळा होत गेला. माझे रूळ फिरत राहिले. मला थांबायचे होते. कोणी बटण दाबेल असे वाटत होते. पण कोणी पाहतच नव्हते. तिघेही तारा कुठे चिकटवायचा यावर बोलत होते.

कागद दुसऱ्या बाजूने बाहेर आला. प्लास्टिक सुंदर बसले होते. एकही बुडबुडा नव्हता. आत चित्राच्या जागी काळा चौकोन होता.

पहिल्यांदा पट्टीने पाहिले. तिने तो उचलला, खिडकीकडे नेला, उजेडासमोर धरला. त्यातून उजेडही येत नव्हता.

"हा दुकानातल्या बिलासारखा कागद होता," ती हळूच म्हणाली. "तसलं बिल गरम झालं की काळं पडतं. आमच्या घरी एकदा शेगडीपाशी पडलं होतं."

"उलटं करून बघ. मागे असेल," जाहिरात म्हणाला.

मागे चित्र नव्हते. मागची बाजू पांढरीच राहिली होती, आणि तिच्यावर निळ्या शाईत दोन शब्द होते: पहिली भेट. खाली तारीख, पंधरा वर्षांपूर्वीची.

पट्टी खाली बसली. "मला माहीत आहे हे काय आहे. माझ्या वहिनीकडे आहे असं. पोटातल्या बाळाचं असतं. सोनोग्राफी करतात ना, तेव्हा देतात."

माझा हिरवा दिवा तसाच लागलेला होता.

"बाईंना सांगू या," पट्टी म्हणाली.

"काय सांगणार?" कॅप्टनचा आवाज बारीक झाला होता. "तुमच्या बाळाचा फोटो आम्ही जाळला? सर आत्ता मुख्याध्यापिकांसमोर बसलेत. हे कळलं तर कार्यशाळाच बंद करतील. मग सर कुठं जातील?"

"मग काय करायचं?"

"थांबा जरा. मला विचार करू दे."

आणि तिने विचार केला, मित्रांनो, हेच वाईट झाले. घाबरलेल्या हुशार मुलीने केलेला विचार होता तो. तिने पट्टीला विचारले, "तुझ्या वहिनीचं ते चित्र घरी आहे?"

पट्टीने मान हलवली. मग तिला प्रश्नाचा अर्थ कळला. "नाही. तसं नको."

"तिचं आपण घेत नाही आहोत. फोनवर फोटो काढ, साध्या कागदावर छापून आण. साधा कागद काळा पडत नाही. बाईंचं इतकं पुसट झालं होतं, काहीच दिसत नव्हतं. त्यांना उलट वाटेल, छान उजळलं."

"सगळी बाळं त्यात सारखीच दिसतात म्हणे," जाहिरात म्हणाला. पण त्या दिवशी त्याच्या आवाजात घोषणा नव्हती.

कॅप्टन ग्रंथालयात जाऊन बाईंना सांगून आली की चांगल्या जाडीचे प्लास्टिक मागवले आहे, मंगळवारी देतो. सर परत आले तेव्हा खुशीत होते. "काय म्हणताय? किती झाले?" त्यांनी विचारले.

"एकोणचाळीस," कॅप्टन म्हणाली. तारा तिने भिंतीवर लावला होता.

मंगळवारपर्यंत मी टेबलावर झाकून होते. मला कोणी दोष दिला नाही. पण माझ्या पोटात तो वास राहिला होता, नेहमीच्या प्लास्टिकपेक्षा वेगळा, आणि तो जाईना.

मंगळवारी पट्टी चित्र घेऊन आली. तिचे डोळे सुजलेले होते. तिने ते कापले, मोजले आणि माझ्यात घातले. मी ते काम केले. आजवर केलेल्या कामांमध्ये ते सर्वांत सुबक झाले असेल, आणि त्याची मला सर्वांत जास्त लाज वाटते.

सर मैदानात रोपवाल्यांशी बोलत होते. ग्रंथपालबाई यायच्या आधी शिपाईमामा आपले कार्ड न्यायला आले. टेबलावरचे चित्र पाहून ते थबकले.

"हे बाईंचं ना?" त्यांनी विचारले. मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "मला एकदा दाखवलं होतं त्यांनी, फार पूर्वी. त्या तेव्हा शाळेत नवीन होत्या. सातवा महिना लागला होता. दवाखान्यात गेल्या आणि रिकाम्या हातांनी परत आल्या. मुलगी होती. असती तर आज तुमच्या वर्गात असती."

त्यांनी कार्ड खिशात घातले. "बरं झालं, तुम्ही जपून ठेवलंत," असे म्हणून ते गेले.

तिघेही उभेच होते. जाहिरातने माझ्या डोक्यावरचा पुठ्ठा काढला आणि भिंतीकडे तोंड करून ठेवला. "नको देऊ या," तो म्हणाला. "कॅप्टन, हे नको देऊ या आपण."

कॅप्टन काही बोलणार होती. पण बाई दारात आल्या होत्या, आणि तिच्या हातात चित्र होते, आणि हात पुढे झाला.

बाईंनी ते घेतले. चष्मा वर सरकवला. बराच वेळ पाहिले. मग उलटे केले. मागची बाजू कोरी होती.

"मागे लिहिलेलं होतं," त्या म्हणाल्या.

"मागे काही नव्हतं बाई," कॅप्टन म्हणाली. तोंडातून निघून गेले ते. आपले बोलणे तिचे तिलाच ऐकू आले असावे, कारण तिने मान खाली घातली.

बाई रागावल्या नाहीत. त्यांनी चित्र अलगद टेबलावर ठेवले, सरळ, जसे कोणाचे पुस्तक ठेवावे तसे. आणि विचारले, "हे बाळ कोणाचं आहे?"

मग पट्टी म्हणाली, "माझ्या वहिनीचं."

"मग हे तिला नेऊन दे. तिचं तिच्याजवळ असू दे." त्यांनी हात पुढे केला. "माझं कुठं आहे?"

पट्टीने दप्तरातून वही काढली. वहीच्या मधोमध ठेवलेला तो काळा चौकोन बाईंच्या हातात दिला. बाई बाकावर बसल्या. मुलांच्या बाकावर मोठी माणसे बसली की लहान दिसतात. त्यांनी काळ्या बाजूवर बोट फिरवले, मग मागची बाजू पाहिली. अक्षरे होती. त्या खूप वेळ ती अक्षरे बघत राहिल्या.

"मी विचारलं होतं," त्या शेवटी म्हणाल्या. "तापतं का, काही होईल का, मी विचारलं होतं."

"मला माहीत नव्हतं बाई." कॅप्टन रडत होती.

"मग तसं सांगायचं."

एवढेच म्हणाल्या. उठल्या, काळा चौकोन त्याच पांढऱ्या पाकिटात घातला आणि गेल्या. दारात दुकानदार सर उभे होते. त्यांनी किती ऐकले होते कोण जाणे. ते बाजूला झाले आणि बाईंना वाट दिली.

मुलांनी सरांना सगळे सांगितले. पट्टीने सांगितले, जाहिरातने भर घातली, कॅप्टनने शेवटी "खोटं चित्र माझी कल्पना होती" एवढे वाक्य जोडले. सरांनी खिशात हात घातला, कुठल्याशा दुकानाचे एक बिल काढले आणि त्यावर नख ओढले. पांढऱ्या कागदावर काळी रेघ उमटली.

"हे मी तुम्हाला पहिल्या दिवशी दाखवायला हवं होतं," ते म्हणाले. "दुकानात असताना रोज करायचो. प्रत्येक कागदाला. इथं आलो आणि मला वाटलं, मशीन काय, कोणीही चालवेल. माणसांशी बोलायला शिकवू. गिऱ्हाईक कसं बोलवायचं ते शिकवलं. नाही कधी म्हणायचं, ते राहिलंच."

"तुमची चूक नाही सर," जाहिरात म्हणाला.

"आहे. तुमचीही आहे. कागद काळा झाला ती माझी जास्त. पुढचं सगळं तुमचं."

मग ते मुख्याध्यापिकांकडे गेले. कोणी तक्रार केली नव्हती. बाईंनी तर ग्रंथालयात जाऊन रोजचे काम सुरू केले होते. सर गेले नसते तर बाहेर काही कळले नसते. ते आपणहून गेले. परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. "प्रदर्शन होईल," त्यांनी सांगितले. "आपलं टेबल त्यात नसेल. ते मीच नको म्हटलं. पुढच्या वर्षीचं मुख्याध्यापिका नंतर कळवणार आहेत." त्यांनी भिंतीवरचा तक्ता काढला नाही. कॅप्टनने मात्र एकोणचाळिसावा तारा नखाने खरवडून काढला. तो पूर्ण निघाला नाही. लाल कागदाचा एक तुकडा तिथेच राहिला.

प्रदर्शनासाठी भूगोलाची खोली रिकामी करायची होती. सामान कुठे ठेवायचे हा प्रश्न आला, तेव्हा ग्रंथपालबाई म्हणाल्या, "माझ्याकडे खिडकीखाली जागा आहे." सर मला उचलून नेताना अवघडले होते. मी तर त्याहून. ज्या माणसाचे आपण नुकसान केले त्याच्याच घरी राहायला जावे, तसे मला झाले. पहिल्या दिवशी बाईंनी माझ्याकडे पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीसारख्या कपाटे पुसत आल्या, खिडकी पुसली, आणि क्षणभर थांबून मलाही पुसले.

प्रदर्शनाच्या दिवशी सगळी शाळा सभागृहात होती. लांबून टाळ्यांचा आवाज येत होता. ग्रंथालयात बाई एकट्या पुस्तकांना कव्हरे घालत होत्या. तेव्हा कॅप्टन आली. त्या मंगळवारनंतर ती कार्यशाळेला आलीच नव्हती, आणि मी तिला ओळखले ते तिच्या चपलांच्या आवाजावरून, कारण बोलण्याचा आवाज आलाच नाही. ती बराच वेळ दारात उभी राहिली.

"ये," बाई म्हणाल्या.

"मी त्या दवाखान्यात गेले होते," कॅप्टन म्हणाली. "शिपाईमामांनी सांगितलं कुठला ते. तीनदा गेले. दोनदा त्यांनी आत घेतलं नाही. काल एक डॉक्टरबाई भेटल्या. म्हणाल्या, त्या वेळचं मशीन आता नाही, आणि इतके जुने कागद ते ठेवत नाहीत. मला वाटलं होतं, त्यांच्याकडे एखादी प्रत असेल."

बाईंनी हातातली कात्री खाली ठेवली. "मी गेले होते गं," त्या म्हणाल्या. "सहा वर्षांपूर्वी. पुसट व्हायला लागलं तेव्हाच."

मला वाटले, ती परत जाईल. तिने एक पाऊल मागे घेतलेही. मग ती थांबली आणि म्हणाली, "बाई, कसं होतं ते चित्र? मी नीट पाहिलंच नाही. तारा लावायच्या घाईत होते."

मित्रांनो, त्या भूगोलाच्या खोलीत मी पुष्कळ प्रश्न ऐकले होते. कोणाला काय हवे, कोण घेईल, किती जण येतील. असा प्रश्न ऐकला नव्हता.

बाईंनी बाजूची खुर्ची ओढली आणि कॅप्टनला बसायला खूण केली.

"डोकं इकडे होतं, डावीकडे," त्यांनी हवेत बोट फिरवले. "आणि एक हात असा, गालापाशी. एखादी मुलगी परीक्षेत उत्तर आठवत बसते ना, तशी. डॉक्टर म्हणाल्या, बघा, आत्तापासून विचार करतंय. मी घरी येईपर्यंत हसत होते." मग त्यांनी पुढचेही सांगितले. मुलगी झाली तर कोणते नाव ठेवायचे ठरवले होते ते सांगितले. तिच्यासाठी कोणती पुस्तके बाजूला काढून ठेवली होती, आणि मग ती शाळेच्या कपाटात कशी आणून लावली, ते सांगितले. त्यातली दोन कॅप्टनने वाचलेली होती. सभागृहातला कार्यक्रम संपला, मुलांचा लोंढा जिन्यावरून गेला, घंटा झाली. कॅप्टनने एकदाही मध्ये तोंड घातले नाही.

बाईंनी तिला माफ केले का? मला सांगता येणार नाही. मी ऐकत होते तोवर तो शब्द आला नाही. जाताना कॅप्टनने विचारले, "परत येऊ?" आणि बाई म्हणाल्या, "पुस्तकांना कव्हरं घालायची आहेत अजून दोन कपाटं." ती आली. पट्टीही येऊ लागली.

कार्यशाळा पुढच्या वर्षी चालू राहिली, पण आठवड्यातून एकच दिवस आणि त्याहून लहान खोलीत. सर अजून शिकवतात. ते तिघे केव्हाच शाळेतून बाहेर पडले. ग्रंथपालबाई मात्र माझ्याकडे आजवर दुसरा कोणताही कागद घेऊन आल्या नाहीत. त्याचे मला वाईट वाटते, आणि त्यांचे बरोबर आहे हेही कळते.

आम्ही जुन्या वस्तू बहुधा शेवटी सांगतो, आम्हाला नीट ठेवा, पुसा, अडगळीत टाकू नका. मी तसे काही मागत नाही. माझे मागणे वेगळे आहे. उद्या तुमच्यापैकी कोणी दुकान काढेल, कोणी कारखाना, कोणी घरच्या घरी काही करेल. मग एखादे दिवशी कोणीतरी येईल, आपली वस्तू तुमच्या टेबलावर ठेवील आणि विचारील, याला काही होणार नाही ना? त्या माणसाचा प्रश्न पूर्ण होऊ द्या. उत्तर माहीत नसेल तर वस्तूला हात लावू नका. माहीत नाही म्हणा, आणि ज्याला माहीत आहे त्याला विचारून या. तेवढा वेळ माणसे थांबतात. ग्रंथपालबाईंनी ते चित्र पंधरा वर्षे सांभाळले होते, मित्रांनो. अजून एक दिवस त्यांनी नक्की दिला असता.